स्पोर्ट्स कार कोणत्या देशासाठी बनली हे नुसतं बघून कसं ओळखायचं

आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या पोरांना स्पोर्ट्स कारचं किती वेड आहे हे वेगळं सांगायला नको. मोबाईलवर एकाच गाडीचे दोन फोटो समोर धरतात, एक अमेरिकेतला अन् एक जपानचा, आणि विचारतात, "भो, हाई ते एकच गाडी शे ना, मंग बंपर येगळा काबरं?" लगेच शेजारचा उत्तर देऊन मोकळा होतो की कंपनी ज्याला त्याला वेगळा माल देते, किंवा तिकडच्या लोकांना तसंच आवडतं. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, रोज हेडलाइट-टेललाइट उघडून बसतो, त्यामुळे हे फरक हातात घेऊन बघायला मिळतात, आणि मला मनापासून वाटतं की हे एकदा नीट कळलं की गाडी बघायची मजाच बदलते.

आधी क्रम डोक्यात बसवा. गाडीत फरक दिसला की पहिलं विचारायचं त्या देशाचा कायदा काय, मग टॅक्स कशावर लागतो, मग रस्ता आणि हवा कशी, आणि सगळ्यात शेवटी लोकांची आवड. आपण नेमकं उलटं करतो, आवडीपासून सुरू करतो, म्हणून उत्तर सापडत नाही. कितीतरी वेळा डिझायनरने काढलेली रेघ वेगळीच असते आणि रस्त्यावर आलेली गाडी वेगळी, मधे कायदा बसलेला असतो.

आता गाडीच्या मागे या. सुरुवात मागूनच करायची कारण सगळ्यात पक्की खूण तिथे असते. इंडिकेटर चालू असताना बघा, लाल चमकतोय की ऑरेंज. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल चालतो, म्हणजे ब्रेक लाइटच्याच लाल काचेत इंडिकेटर लावला तरी कायद्याला चालतं. युरोप, जपान आणि आपल्याकडे तो ऑरेंजच पाहिजे. अमेरिकेच्या फोर्ड मस्टँगचं घ्या, मागच्या तीन उभ्या पट्ट्या एकापाठोपाठ एक पेटत जातात ती तिची ओळख, अमेरिकेत त्या लाल पेटतात, युरोपला पाठवताना इंडिकेटर ऑरेंज करावा लागला. ऑरेंजसाठी काचेत वेगळी जागा काढावी लागते, त्यामुळे टेललाइटच्या आतली सगळी मांडणी बदलते. लांबून बघणाऱ्याला वाटतं रंग बदलला फक्त, पण आतला रिफ्लेक्टर, होल्डर, वायर, सगळं वेगळं असतं.

मग बाजूला या. पुढच्या चाकाजवळ बंपरच्या कोपऱ्यात ऑरेंज आणि मागच्या कोपऱ्यात लाल असे छोटे लाइट किंवा रिफ्लेक्टर दिसले तर ती गाडी बहुतेक अमेरिकन बाजाराची. १९६८ पासून तिकडे साइड मार्कर सक्तीचे झाले, १९७० पासून लाइट आणि रिफ्लेक्टर दोन्ही. युरोपात कारला ते लागत नाहीत, तिथे फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, किंवा आरशावर इंडिकेटरचा रिपीटर, म्हणजे बाजूने दिसणारा छोटा इंडिकेटर, लागतो, जसा आपल्याकडे असतो. एकाच पोर्शेच्या दोन फोटोंत बाकी सगळं सारखं असलं तरी ह्या कोपऱ्यातल्या ऑरेंज तुकड्यावरून देश सांगता येतो.

मागच्या बंपरमधली नंबर प्लेटची खाचही बघा. मोजपट्टी असेल तर अजून चांगलं. युरोपची प्लेट ५२० बाय ११० मिलिमीटर, लांब आणि पट्टीसारखी, अमेरिकेची ३०५ बाय १५२ म्हणजे आखूड आणि उंच, जपानची ३३० बाय १६५. आपली हाय सिक्युरिटी प्लेट कारला ५०० बाय १२० असते किंवा ३४० बाय २०० असते. डिझायनरला ह्या सगळ्या मापांना पुरेल अशी खाच सोडावी लागते नाहीतर दोन-तीन वेगळे बंपर करावे लागतात. मागे फक्त एकाच बाजूला जास्तीचा लाल फॉग लाइट दिसला तर युरोपचा नियम समजायचा, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला तो डावीकडे किंवा मधे, ब्रिटनच्या गाडीला उजवीकडे किंवा मधे.

आता बंपर, आणि इथे जरा थांबू कारण जुन्या स्पोर्ट्स कारचं रूप सगळ्यात जास्त ह्याच एका गोष्टीने बदललं. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलपासून नियम आला की पुढचा बंपर ताशी ५ मैलांच्या धडकेत टिकला पाहिजे, लाइट वगैरे फुटता कामा नये, आणि १९७४ पासून मागच्यालाही तेच. ताशी ५ मैल म्हणजे आठ किलोमीटर, चालण्यापेक्षा जरा जास्त, पण तेवढ्यासाठी बंपर बॉडीपासून लांब काढून मागे दणका खाणारे शॉक अब्सॉर्बर बसवावे लागले. पोर्शेने आपल्या ९११ मॉडेलला बंपरच्या दोन्ही कडांना रबरी घड्या दिल्या, हार्मोनियमच्या भात्यासारख्या, धडक बसली की बंपर आत सरकतो आणि घडी दबते. ते इतकं नीट जमलं की १९७४ पासून १९८९ पर्यंत ९११ ची तीच ओळख झाली. सगळ्यांना असं जमलं नाही. ब्रिटनच्या एमजीबी ह्या स्पोर्ट्स कारला १९७४ च्या शेवटी क्रोमचे बारीक बंपर काढून काळे जाड रबरी बंपर लावले, वरून हेडलाइटच्या उंचीचा अमेरिकन नियम पाळायला गाडी इंचभर उचलली, आणि वळणावर ती पहिल्यापेक्षा जास्त झुकायला लागली. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की तो बंपर ब्रिटनमध्ये विकलेल्या एमजीबीलाही आला, कारण सगळ्यात जास्त गिऱ्हाईक अमेरिकेत होतं आणि दोन प्रकारच्या बॉडी करणं परवडत नव्हतं. म्हणून कायदा एका देशाचा असला तरी रूप सगळ्या जगात बदलू शकतं, ओळखताना हे लक्षात ठेवा.

लॅम्बोर्गिनी काउंटाशचं उदाहरण याच्या उलटं आहे. डिझायनर मार्चेलो गांदिनीने काढलेली ती पाचरीसारखी गाडी १९७१ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये दाखवली, नाकापासून काचेपर्यंत एकच सरळ उतार, आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकेला गेली तेव्हा त्या धारदार नाकावर एक जाड काळा बंपर चिकटवला. युरोपची गाडी मात्र तशीच सडपातळ राहिली. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा, मला तर अजून बघवत नाही. १९८२ मध्ये अमेरिकेने ताशी ५ मैलांचा आकडा अडीचवर आणला, तेव्हापासून बंपर परत बॉडीत मिसळायला लागले.

हेडलाइटची गोष्टही अमेरिकेचीच. १९४० पासून थेट १९८३ पर्यंत तिकडे सील्ड बीमच लावायला लागायचा, म्हणजे काच, रिफ्लेक्टर, फिलामेंट सगळं एकत्र बंद केलेला दिवा, तोही ठरलेल्या मापाचा. हेतू चांगला होता, कुठल्याही गावात तोच दिवा मिळावा. पण युरोपातल्या गाड्यांना बॉडीच्या वळणाप्रमाणे काच असायची, ती तिकडे चालेना. जॅग्वार ई-टाइप १९६१ ला आली तेव्हा हेडलाइटवर काचेचं झाकण होतं, नाकाची रेघ कुठे तुटत नव्हती, १९६७ च्या सुमारास ते झाकण अमेरिकेच्या नियमापायी गेलं आणि दिवे उघडे पडले. सित्रोएन एसएमला तर काचेमागे सहा दिवे होते आणि आतले दोन स्टिअरिंगबरोबर वळायचे, अमेरिकेत त्या जागी चार साधे गोल दिवे आले, वळणंबिळणं बंद. एसएमचा फोटो दिसला की दिवे मोजा, देश कळतो. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइटचा उजेड पिवळा असायचा, त्यामुळे जुन्या फोटोत पिवळा दिवा दिसला तर गाडी बहुतेक फ्रान्सची.

वर उघडणारे पॉप-अप दिवे सगळ्यांना आवडतात, मलाही. हेडलाइट जमिनीपासून किती उंच पाहिजे हे कायद्याने ठरलेलं आणि नाक तर खाली पाहिजे, त्या भांडणातून ते खूप चालले. २००४ ला शेव्हरोले कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्री ह्या दोन गाड्यांबरोबर ते संपले, कारण पायी चालणाऱ्याला धडक बसली तर कमी लागावं असे नियम युरोपात येत होते आणि वर आलेला कडक दिवा त्यात बसवणं अवघड होतं. त्याच नियमांमुळे आजच्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट जुन्यापेक्षा फुगीर दिसतं, इंजिन आणि पत्र्यामध्ये दबायला जागा ठेवावी लागते.

जुनी जपानी गाडी असेल तर आरसे कुठे आहेत बघा. १९८३ पर्यंत जपानमध्ये दारावरचे आरसे चालत नव्हते, ते पुढे फेंडरवर लागायचे. म्हणून निसानच्या फेअरलेडी झेडच्या जपानी फोटोत आरसे चाकाच्या वर दिसतात आणि तीच गाडी अमेरिकेत डॅटसन २४०झेड म्हणून दारावर आरसे घेऊन फिरते.

स्टिअरिंग कोणत्या बाजूला हे तर सगळेच बघतात, पण त्याचा अर्थ पूर्ण घेत नाहीत. स्टिअरिंग बाजू बदलतं तेव्हा पेडल, स्टिअरिंगची दांडी, ब्रेक बूस्टर, डॅशबोर्ड, वायपरची दिशा हे सगळं उलटं करावं लागतं आणि स्पोर्ट्स कारच्या इंजिनखोलीत तेवढी जागाच नसते. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे डाव्या स्टिअरिंगची गाडी सिग्नलचं ठरलेलं साधन असल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे जी गाडी उजव्या स्टिअरिंगमध्ये बनतच नाही ती आपल्या शोरूमला येणार तरी कशी? १९६४ पासूनच्या मस्टँगला कारखान्यातून उजवं स्टिअरिंग पहिल्यांदा मिळालं ते २०१५ च्या पिढीत, आणि २०१६ मध्ये ती अधिकृतपणे भारतात आली. कॉर्व्हेटला त्यासाठी आठवी पिढी उजाडावी लागली.

आता टॅक्स. माझ्या मते हा सगळ्यात भारी भाग आहे, कारण टॅक्स डोळ्याला दिसत नाही पण गाडीचं पोट आणि कधीकधी पत्रासुद्धा तोच ठरवतो. इटलीत एके काळी २००० सीसीच्या वरच्या गाडीवर ३८ टक्के व्हॅट होता, खालच्यावर जवळपास त्याच्या निम्मा. मग फेरारीने काय केलं, आपल्या ३०८ मॉडेलचं व्ही-८ इंजिन लहान करून १९८० मध्ये २०८ काढली, घरच्या बाजारासाठी. गाडी दिसायला फेरारी पण ताकद साधारण १५५ हॉर्सपॉवर. ते कमी पडलं म्हणून १९८२ ला त्यावर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवला, रस्त्यावरची पहिली टर्बो फेरारी ती हीच, आणि टर्बोला हवा द्यायला मागच्या चाकांपुढे बॉडीत खास खाचा पाडल्या. म्हणजे टॅक्समुळे पत्र्याला भोक पडलं! फोटोत ३०८ सारखी गाडी दिसली आणि मागच्या चाकाआधी खाली खाच दिसली तर ती इटलीची टर्बो. बीएमडब्ल्यूनेही एम३ चं इंजिन दोन लिटरच्या आत आणून ३२०आयएस नावाची गाडी फक्त इटली आणि पोर्तुगालसाठी केली.

जपानमध्ये वर्षाचा टॅक्स इंजिनाच्या सीसीप्रमाणे टप्प्याटप्प्याने वाढतो. म्हणून पहिली झेड १९६९ ला आली तेव्हा घरच्या गिऱ्हाइकाला दोन लिटर आणि अमेरिकेला २.४ लिटर. आजही तोच हिशोब, माझदाची कापडी छताची रोडस्टर जपानमध्ये दीड लिटर आणि अमेरिकेत दोन लिटर. आणि सगळ्यात छोटा टप्पा म्हणजे केई, आज लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी, त्याच्या आत बसलं की टॅक्स कमी. ताकदीचा ६४ पीएसचा (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) आकडा मात्र कंपन्यांनी आपसात पाळलेला. नव्वदच्या सुरुवातीला तर ती चौकट अजून छोटी होती, ३.३ बाय १.४ मीटर, आणि त्या एवढ्याशा चौकटीत होंडा बीट, सुझुकी कॅप्पुचिनो, आणि वर उघडणाऱ्या दारांची ऑटोझॅम एझेड-१ बनली, तिन्ही १९९१-९२ मधल्या. अमेरिकेत असं काही सुचलंच नसतं, तिकडे सीसीवर तसा टॅक्सच नाही. शिवाय १९८९ ते २००४ जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की कागदावर २८० पीएसच्या वर जायचं नाही, म्हणून त्या काळातल्या सगळ्या मोठ्या जपानी स्पोर्ट्स कारचा आकडा एकच दिसतो.

चीनमध्ये दीड ते दोन लिटरच्या इंजिनावर कंझम्पशन टॅक्स ५ टक्के आणि चार लिटरच्या वर ४० टक्के, मग तिथे मोठं इंजिन का परवडत नाही ते विचारायची गरज राहत नाही. आपल्याकडे तरी दुसरं काय आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोलला १२०० सीसी ह्या नियमापायी डिझायरची शेपटी कापली गेली हे २०१२ पासून आपण रस्त्यावर बघतोय. बाहेरून तयार आलेल्या महाग गाडीवर शंभर टक्क्यांच्या घरात कस्टम लागत आलाय, त्यामुळे आपल्यासाठी वेगळी बॉडी करावी एवढा खपच होत नाही, आणि म्हणून बहुतेक वेळा ब्रिटनसाठी बनलेली उजव्या स्टिअरिंगची गाडीच थोडे बदल करून आपल्याला मिळते. आपली बरीच मानकं संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांच्या जवळची आहेत, त्यामुळे ते जमूनही जातं.

रस्ता आणि हवा हे आपल्याला कोणी शिकवायला नको. स्पीड ब्रेकरची उंची इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर पाहिजे, पण चोपड्याकडे किंवा पारोळ्याच्या पुढे गावागावात जे ब्रेकर आहेत ते उंचीला जास्त आणि रुंदीला हातभर असतात, तिथे जेमतेम बारा सेंटिमीटर क्लिअरन्सची गाडी पोटावर बसणार. म्हणून महाग गाड्यांत नाक उचलायचं बटण असतं, ते आहे का हे आधी बघा. हवामानाचं म्हणाल तर दुबईकडून आलेल्या गाडीच्या जाहिरातीत जीसीसी स्पेक असं लिहिलेलं असतं, म्हणजे आखातासाठी कूलिंग आणि एसी जोरदार केलेला. भुसावळचा मे महिना ज्याने काढलाय, ४५ अंश, त्याला ती सोय किती मोलाची हे कळेल. फक्त ती गाडी डाव्या स्टिअरिंगची असते.

आवड शेवटी, आणि तिच्यासाठी एकच उदाहरण पुरे. ऑस्ट्रेलियाची होल्डन मोनारो २००४ मध्ये पाँटियाक जीटीओ नावाने अमेरिकेला गेली. धडकेच्या नियमासाठी पेट्रोलची टाकी हलवून डिकीत आणावी लागली आणि डिकी लहान झाली, हा झाला कायदा. पण अमेरिकन लोकांना गाडी फार साधी वाटली, जीटीओ नावाला शोभेना, म्हणून २००५ ला बॉनेटवर दोन हवेची भोकं दिली, ही झाली आवड. आधी बाकीचं तपासून झालं की आवडीचा भाग असा वेगळा काढता येतो.

कधीकधी उत्तर असं असतं की गाडी त्या देशात नाहीच. टोयोटा जीआर८६ युरोपात २०२४ च्या मध्यापर्यंतच विकली, कारण जुलैपासून सुरक्षेची नवी यंत्रणा सक्तीची झाली आणि त्या बॉडीत ती बसवणं कंपनीला परवडणारं नव्हतं.

आता ह्या सगळ्याचा रोजच्या कामात उपयोग. आपली साधी हॅचबॅक असली तरी पोरं ऑनलाइन बाहेरच्या गाडीचे हेडलाइट मागवतात आणि माझ्यासारख्याकडे बसवायला आणतात. कृपा करून आधी काच वाचा. काचेवर DOT (डॉट) आणि SAE (एसएई) अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतील तर तो अमेरिकन नियमाचा दिवा. गोलात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या नियमाचा, आकडा म्हणजे मंजुरी देणारा देश, १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ११ ब्रिटन, ४३ जपान. पण नुसता ई बघून खुश होऊ नका, बाण बघा. दिव्यासमोर उभं राहिल्यावर तुमच्या उजव्या हाताकडे जाणारा बाण असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या देशाचा, म्हणजे आपला. दोन्हीकडे टोकं असलेला बाण म्हणजे दोन्हीकडे चालणारा. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशाचा आहे, तो घेऊ नका.

बाण सापडत नसेल, काच घासली गेली असेल, तर वायर न कापता दिवा तात्पुरता जोडून रात्री गाडी सपाट जागेवर भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर उभी करा आणि लो बीम, म्हणजे खाली पडणारा उजेड, लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड दिसेल, अर्धी सरळ आणि मग एका बाजूला वर चढलेली. ती डावीकडे चढली पाहिजे, म्हणजे आपल्या कडेचा माणूस, बैलगाडी, सायकल दिसते. उजवीकडे चढत असेल तर तो उजेड समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यात जातो, आणि आपल्या शिरपूर-चोपडा सारख्या रस्त्यांवर मधे दुभाजक नाही, समोरून केळीचा ट्रक आणि त्याच्या मागे बाईकवाला येत असतो. असा दिवा वायर कापायच्या आधीच परत पाठवा, कारण एकदा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग, कापला की दुकानदार घेत नाही, आणि बल्ब फिरवून किंवा स्क्रू आवळून ती कड डावीकडे येत नाही, ती रिफ्लेक्टरच्या किंवा लेन्सच्या घडणीतच असते.